‘प्रत्येक’ म्हणजे कोण? विविक्त गणिताच्या अध्यापनासंबंधी

हौदातील पाणी आपण मोजतो आणि पोत्यातील नारळही मोजतो. भाषेत दोन्ही क्रियांना शब्द एकच आहे. परंतु त्या एका जातीच्या नाहीत. पाणी दहा लिटर असेल, सव्वादहा लिटर असेल, किंवा या दोहोंच्या दरम्यान मनात येईल तेवढे असू शकेल. एका मापापासून दुसऱ्या मापापर्यंत चढताना पाणी मधले कोणतेही माप वगळीत नाही. नारळ मात्र दहा असतील, नाही तर अकरा. मधला मुक्काम नाही. पहिल्या प्रकारच्या राशींना गणितज्ञ ‘संतत’ म्हणतात आणि दुसऱ्या प्रकारच्या राशींना ‘विविक्त’, म्हणजे एकमेकींपासून सुट्या. ग्रहांची गती, विहिरीत टाकलेल्या दगडाचा वेग, तापलेल्या सळईचे निवणे यांचा विचार संतत राशींच्या गणिताने होतो व त्याचे मुख्य शास्त्र म्हणजे कलन. सुट्या वस्तू, त्यांच्या रचना आणि त्यांचे परस्परसंबंध यांचा विचार करते ते विविक्त गणित.

संगणकाचे सारे विश्व या दुसऱ्या जातीचे आहे. त्याच्या स्मृतीच्या एका घरात शून्य असते किंवा एक असतो. अर्धा कधीच नसतो. म्हणून जो विद्यार्थी विद्यापीठात माहिती तंत्रज्ञान शिकावयास येतो त्याच्यापुढे पहिल्या वर्ष-दोन वर्षांतच विविक्त गणिताचा पाठ्यक्रम ठेवलेला असतो. तर्कशास्त्राची मूलतत्त्वे, संच, संबंध व फलने, गणिती विगमन, मोजणीच्या रीती, आणि बिंदू व त्यांना जोडणाऱ्या रेषा यांनी बनलेले आलेख हे त्याचे नेहमीचे भाग होत. हा विषय कसा शिकवावा, आणि तो नीट न शिकवल्यास काय बिघडते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

एका शास्त्राचे जुने घर व नवे बिऱ्हाड

विविक्त गणित हे नाव अलीकडचे असले तरी त्यातील सामग्री जुनी आहे. आपल्याकडे पिंगलाच्या छंदःशास्त्रात लघु व गुरू अक्षरांच्या मांडण्यांचा विचार आहे, आणि भास्कराचार्यांच्या ११५० मधील ‘लीलावती’त ‘अंकपाश’ नावाचे संपूर्ण प्रकरण मोजणीलाच वाहिलेले आहे. युरोपात जॉर्ज बूल या इंग्रज गणितज्ञाने १८५४ मध्ये विचारांच्या नियमांचे बीजगणित ग्रंथरूपाने मांडले. त्यानंतर ऐंशीहून अधिक वर्षांनी, १९३७ मध्ये, क्लॉड शॅनन या अमेरिकन तरुणाने पदव्युत्तर पदवीच्या प्रबंधात दाखवून दिले की विजेच्या मंडलातील उघडझाप करणाऱ्या कळांना बूलचेच नियम लागू पडतात. त्या दिवसापासून तर्कशास्त्र आणि यंत्र यांची सोयरीक जुळली.

पुढे १९६८ मध्ये अमेरिकेतील ‘असोसिएशन फॉर कम्प्युटिंग मशिनरी’ या संस्थेने संगणकशास्त्राचा आदर्श अभ्यासक्रम प्रसिद्ध केला, तेव्हा त्यात विविक्त रचनांच्या प्रास्ताविक पाठ्यक्रमाला स्वतंत्र स्थान दिले. भारतात कानपूरच्या भारतीय तंत्रविज्ञान संस्थेत १९६३ मध्ये संगणक आला आणि १९७१ मध्ये तेथे संगणकशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण सुरू झाले. आज देशातील विद्यापीठांत या शाखेचा अभ्यासक्रम विविक्त गणितावाचून क्वचितच आढळेल.

विद्यार्थ्याचा रास्त प्रश्न

अभ्यासक्रमात विषयाला स्थान मिळाले म्हणजे विद्यार्थ्याच्या मनात मिळाले असे होत नाही. हा विद्यार्थी काहीतरी घडविण्याच्या उमेदीने आलेला असतो. त्याला आज्ञावल्या लिहावयाच्या असतात व त्या यंत्रावर चालताना पाहावयाच्या असतात. अशा वेळी फळ्यावर सत्यतेची कोष्टके आणि संचांची चिन्हे उमटू लागली की त्याचा हिरमोड होतो. तो विचारतो, “आज्ञावली लिहिली, चालवून पाहिली, दहा उदाहरणांत उत्तर बरोबर आले, मग ती बरोबर आहे हे सिद्ध करण्याचा खटाटोप कशासाठी?”

हा प्रश्न उद्धटपणाचा नाही. तो रास्त आहे. ‘परीक्षेत गुण आहेत म्हणून’ असे त्याचे उत्तर देणारा शिक्षक तेथेच हरतो. विद्यार्थी सूत्रे पाठ करतो, उत्तीर्ण होतो, आणि विषय विसरून जातो. खरे उत्तर द्यावयाचे तर त्याच्याच व्यवसायातील एक हकिकत त्याला सांगितली पाहिजे.

कोशातील शब्द शोधण्याची रीत

जाडजूड शब्दकोशात एखादा शब्द शोधताना आपण पहिल्या पानापासून वाचीत बसत नाही. कोश मधोमध उघडतो. हवा असलेला शब्द त्या पानाच्या आधी येतो की नंतर हे पाहतो. निरुपयोगी अर्धा भाग सोडून देतो आणि उरलेला पुन्हा मधोमध उघडतो. दर खेपेस काम निम्मे होत जाते. दहा लाख शब्दांचा कोश असला तरी अशा वीस पायऱ्यांत शब्द सापडतो, कारण वीस वेळा दुप्पट केल्यास एकाचे दहा लाखांहून अधिक होतात. संगणकालाही हीच रीत शिकवितात. ती ऐकताना इतकी सोपी वाटते की तिच्यात चूक होईल असे कोणास वाटू नये.

प्रत्यक्षातील इतिहास निराळा आहे. डॉनल्ड क्नूथ या संगणकशास्त्रज्ञाने नोंदविले आहे की ही रीत प्रथम १९४६ मध्ये प्रसिद्ध झाली, परंतु कोणत्याही लांबीच्या यादीसाठी निर्दोष असे तिचे रूप छापून येण्यास १९६२ साल उजाडले. जॉन बेंटली या त्यांच्या व्यवसायबंधूने धंद्यात मुरलेल्या आज्ञावलीकारांना ही रीत लिहावयास सांगितली व त्यासाठी दोनेक तासांचा अवधी दिला, तेव्हा दहांपैकी सुमारे नऊ जणांना आपल्या लेखनात चूक सापडली. बेंटली यांनी १९८६ च्या आपल्या पुस्तकात या रीतीची काळजीपूर्वक मांडणी केली आणि ती बरोबर असल्याची सिद्धताही दिली.

हकिकत येथे संपली असती तर बरे झाले असते. जोशुआ ब्लॉक हे बेंटली यांच्या तासांना बसलेले. त्यांनी ‘जावा’ या संगणकीय भाषेच्या ग्रंथालयासाठी हीच रीत लिहिली आणि जगभर असंख्य आज्ञावल्या तिच्यावर विसंबून राहिल्या. सुमारे नऊ वर्षांनी तीत दोष उघडकीस आला आणि २००६ मध्ये ब्लॉक यांनी तो स्वतःच जाहीर केला. दोष असा होता : मधले स्थान काढण्यासाठी दोन टोकांच्या क्रमांकांची बेरीज करून तिला दोनाने भागले होते. कागदावर यात काहीच वावगे नाही. परंतु त्या भाषेतील नेहमीच्या पूर्णांकाला २,१४,७४,८३,६४७ ही कमाल मर्यादा आहे. बेरीज तिच्या पलीकडे गेली की यंत्रात ती ऋण संख्या बनते, आणि मधले स्थान शोधणारी आज्ञावली अस्तित्वात नसलेल्या ठिकाणी जाऊन कोसळते. हे घडण्यास यादीत शंभर कोटींहून अधिक नोंदी असाव्या लागतात. आरंभीच्या काळी एवढ्या मोठ्या याद्या नव्हत्या, म्हणून घेतलेल्या साऱ्या चाचण्या यशस्वी झाल्या.

या हकिकतीत दोन धडे आहेत. पहिला उघड आहे : काही उदाहरणांत उत्तर बरोबर आले याचा अर्थ प्रत्येक उदाहरणात येईल असा होत नाही. दुसरा धडा अधिक खोल आहे. बेंटली यांनी तर सिद्धता दिली होती! मग चूक राहिली कोठे? सिद्धतेतील युक्तिवाद बरोबर होता. परंतु तीत ‘प्रत्येक पूर्णांक’ म्हटले होते ते गणितातले, कितीही मोठे होऊ शकणारे पूर्णांक होते. यंत्रातले पूर्णांक मर्यादित असतात. ‘प्रत्येक’ हा शब्द दोन्हीकडे एकच, पण त्याने वेढलेला संच वेगळा. विविक्त गणिताच्या वर्गात विद्यार्थ्याने जी एक सवय अंगी बाणवावयाची ती हीच, की ‘प्रत्येक’ हा शब्द कानी पडताच त्याने थांबावे आणि विचारावे : प्रत्येक म्हणजे कोण?

जर, तर आणि तरच

ही सवय लावण्याचे काम भाषेपासून सुरू होते. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ पीटर वेसन यांनी १९६६ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. आपल्या लिपीत तो असा मांडता येईल. टेबलावर चार पत्ते आहेत; प्रत्येकाच्या एका बाजूस अक्षर व दुसऱ्या बाजूस अंक आहे. वर दिसतात ‘अ’, ‘क’, ‘४’ आणि ‘७’. नियम असा सांगितला आहे : एका बाजूस स्वर असेल तर दुसऱ्या बाजूस सम अंक असतो. हा नियम पाळला गेला आहे की नाही हे ठरविण्यासाठी कोणते पत्ते उलटून पाहिले पाहिजेत? वाचकांनी पुढे वाचण्यापूर्वी क्षणभर विचार करावा.

बहुतेक लोक ‘अ’ आणि ‘४’ हे पत्ते निवडतात, किंवा एकटा ‘अ’. बरोबर उत्तर ‘अ’ आणि ‘७’ हे आहे. ‘४’च्या मागे काहीही असले तरी नियम मोडत नाही, कारण सम अंकामागे स्वरच असावा असे नियम म्हणतच नाही. ‘७’च्या मागे स्वर निघाला तर मात्र नियम मोडतो. वेसन यांच्या प्रयोगात दहांत एकासही हे उत्तर साधले नाही.

आता तोच प्रश्न आपल्या सार्वजनिक वाचनालयात नेऊन पाहू. नियम : पुस्तक घरी नेणार असाल तर सभासदपत्र हवे. चार माणसे आहेत. एकजण पुस्तक घेऊन दाराकडे निघाला आहे. दुसरा तेथेच बसून वाचीत आहे. तिसऱ्याने सभासदपत्र हातात धरले आहे. चौथा सांगतो की माझ्याजवळ सभासदपत्र नाही. ग्रंथपालाने चौकशी कोणाची करावी? दाराकडे निघालेल्याची आणि सभासदपत्र नसलेल्याच्या पिशवीची, हे कोणीही चटकन सांगेल. प्रश्नाचा सांगाडा तोच आहे, केवळ वेष बदलला. १९८२ मध्ये अमेरिकेत मद्यपानाच्या वयाच्या नियमावर असाच प्रयोग झाला, तेव्हा बहुसंख्य विद्यार्थ्यांनी अचूक उत्तर दिले.

शिक्षकाने यातून घ्यावयाचा बोध स्पष्ट आहे. ‘जर-तर’ विधानांची सत्यता कोष्टकाने शिकविण्याआधी ती वाचनालयाच्या दारात शिकवावी. जो पुस्तक नेतच नाही त्याच्याकडून नियम मोडला जाणे शक्य नाही. म्हणून पूर्वार्ध खोटा असता सबंध विधान खरे मानतात. कोष्टकातील ही ओळ पाहून नवा विद्यार्थी नेहमी गोंधळतो. ग्रंथपालाला तीत नवल वाटणार नाही.

येथे मातृभाषा शिक्षकाच्या मदतीला येते आणि कधी अडचणही करते. ‘सभासदपत्र असेल तर पुस्तक मिळेल’ आणि ‘सभासदपत्र असेल तरच पुस्तक मिळेल’ या दोन वाक्यांत एका ‘च’चे अंतर आहे. पहिल्यात सभासदपत्र पुरेसे आहे. दुसऱ्यात ते आवश्यक आहे. ‘तर आणि तरच’ म्हटले की ते आवश्यकही होते व पुरेसेही. मराठीतील हा एक अव्ययमात्र ‘च’ तर्कशास्त्राचे अर्धे प्रकरण पोटात घेऊन बसला आहे. याउलट ‘सगळे विद्यार्थी उत्तीर्ण झाले नाहीत’ हे वाक्य पाहा. एकही उत्तीर्ण झाला नाही, की काही झाले व काही राहिले? बोलताना आपण आवाजाच्या चढउताराने निभावून नेतो. यंत्राला चढउतार कळत नाही. ‘प्रत्येक उत्तीर्ण झाला’ याचा नकार ‘निदान एक तरी अनुत्तीर्ण झाला’ असा होतो, हे विद्यार्थ्याकडून त्याच्या भाषेत पुनःपुन्हा म्हणवून घेतले पाहिजे. २०२१ पासून अभियांत्रिकीचे शिक्षण भारतीय भाषांतून देण्यास अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने वाट मोकळी केली आहे. त्यामुळे या गोष्टीला आता विशेष महत्त्व आले आहे.

एकतीस हा अंक

पुढचा टप्पा सिद्धतेचा. ‘उदाहरणे म्हणजे सिद्धता नव्हे’ हे वाक्य फळ्यावर लिहून काही साधत नाही. विद्यार्थ्याने एकदा स्वतः फसले पाहिजे. त्यासाठी त्याला एक वर्तुळ काढावयास सांगावे. परिघावर दोन बिंदू घेऊन ते जोडले तर वर्तुळाचे २ भाग होतात. तीन बिंदू घेऊन प्रत्येक जोडी जोडली तर ४, चार बिंदूंनी ८, पाच बिंदूंनी १६. सहा बिंदूंनी किती? सारा वर्ग एका सुरात ३२ म्हणतो. मग काळजीपूर्वक आकृती काढून, तीन रेषा एका ठिकाणी छेदणार नाहीत असे पाहून, भाग मोजावयास सांगावे. ते ३१ भरतात. कितीही वेळा मोजले तरी ३१च. त्या दिवशी वर्गाला जे कळते ते व्याख्यानाने कळत नाही.

ज्यांना पाच उदाहरणे थोडी वाटतील त्यांच्यासाठी आणखी एक नमुना आहे. कोणत्याही संख्येचा वर्ग घ्या, त्यात तीच संख्या मिळवा, आणि आणखी ४१ मिळवा. शून्यापासून ३९ पर्यंत चाळीसच्या चाळीस संख्या घेऊन पाहिल्या तर दर वेळी उत्तर मूळ संख्या येते. ४० घेतले की उत्तर १६८१ येते, आणि ते ४१ गुणिले ४१ आहे. चाळीस साक्षीदार खरे बोलले आणि एकेचाळिसाव्याने खटला फिरवला!

मग अनंत संख्यांविषयी ‘प्रत्येक’ म्हणावयाचे तरी कसे? याचे एक साधन म्हणजे गणिती विगमन. या साधनाला ते नाव रूढ करून देणारे ऑगस्टस डी मॉर्गन हे आपल्या मदुराईत १८०६ मध्ये जन्मले होते. पुढे ते लंडनमध्ये प्राध्यापक झाले आणि १८३८ मधील एका लेखात त्यांनी या रीतीचे विवेचन केले. ‘आणि’ व ‘किंवा’ यांच्या नकाराचे जे नियम विद्यार्थी शिकतो त्यांनाही त्यांचेच नाव आहे.

रीत अशी. कबड्डीच्या स्पर्धेत प्रत्येक संघ दुसऱ्या प्रत्येक संघाशी एकदा खेळतो असे समजा. संघांच्या संख्येला तिच्याहून एकाने लहान संख्येने गुणून निम्मे केले की सामन्यांची संख्या मिळते, असा आपला दावा आहे. एकच संघ असेल तर सामने शून्य, दावा खरा. आता चार संघांपुरता तो खरा आहे असे धरा : सामने सहा. पाचवा संघ आला की त्याला आधीच्या चारांशी खेळावे लागते. सहात चार मिळवून दहा. पाचाला चाराने गुणून निम्मे केले तरी दहाच. जे चारांवरून पाचांवर जाताना घडले तेच कोणत्याही संख्येवरून पुढच्या संख्येवर जाताना घडते, हे अक्षरे वापरून दाखविता येते. पहिली पायरी आहे, आणि प्रत्येक पायरीवरून पुढच्या पायरीवर पाऊल पडते. मग जिन्याचा कोणताही भाग आवाक्याबाहेर राहत नाही.

विद्यार्थ्यांचा येथे नेहमीचा आक्षेप असतो की ‘जे सिद्ध करावयाचे तेच तुम्ही धरून चाललात’. आक्षेप मोलाचा आहे. त्याला दटावू नये. आपण एका पायरीपुरते धरतो आणि पुढच्या पायरीविषयी सिद्ध करतो, हा भेद त्याच्याच तोंडून निघेपर्यंत थांबावे. त्यानंतर ‘जगातील सर्व घोडे एका रंगाचे आहेत’ ही प्रसिद्ध खोटी सिद्धता त्याच्या हाती द्यावी. एक घोडा घेतला तर तो अर्थातच एका रंगाचा. घोड्यांच्या कळपातून एक बाजूला काढला तर उरलेले एका रंगाचे. दुसरा बाजूला काढला तरी उरलेले एका रंगाचे. दोन्ही गटांत मधले घोडे समान. म्हणून सारे एका रंगाचे! दोष कोठे आहे? घोडे दोनच असतील तेव्हा ‘मधले घोडे’ नसतातच. एकावरून दोनावर जाणारी पायरीच मोडकी आहे. येथेही प्रश्न तोच : ‘प्रत्येक पायरी’ म्हणताना तिच्यात दुसरी पायरी आली होती का?

शंकराचे दहा हात

सगळ्या शक्यता तपासून पाहाव्यात हा मार्ग कधी मोकळा असतो व कधी बंद, हे कळण्यासाठी मोजणी शिकावी लागते. भास्कराचार्यांनी अंकपाशात विचारले आहे की शंकराच्या दहा हातांतील दहा आयुधे आलटून-पालटून दिली तर मूर्तीची किती रूपे होतील, आणि विष्णूच्या चार हातांतील शंख, चक्र, गदा व पद्म यांची किती? चार वस्तूंसाठी पहिल्या हाताला चार पर्याय, दुसऱ्याला तीन, मग दोन, मग एक, गुणाकार २४. हे चोवीस प्रकार विद्यार्थी वहीत लिहू शकतो. दहांसाठी उत्तर ३६,२८,८०० येते. दर सेकंदास दहा लाख मांडण्या तपासणारे यंत्र हे काम चार सेकंदांच्या आत संपवील.

आता वस्तू वीस करा. दुप्पटच तर केल्या! परंतु त्याच यंत्राला साऱ्या मांडण्या तपासण्यास सुमारे ७७,००० वर्षे लागतील. ‘चालवून पाहू’ म्हणणाऱ्या विद्यार्थ्याला त्याच्या पहिल्या प्रश्नाचे हे दुसरे उत्तर आहे. जेथे सगळे तपासणे अशक्य असते तेथे विचारावाचून गत्यंतर नसते.

पुस्तकाच्या पाठीवरील अंक

या विषयाचा उपयोग दाखविण्यासाठी दूर जावयास नको. हाताशी असलेले एखादे अलीकडचे पुस्तक उलटे करा. पाठीवर तेरा अंकी प्रमाण ग्रंथक्रमांक दिसेल. २००७ पासून तो तेरा अंकी झाला आहे. त्यातील शेवटचा अंक पहारेकरी असतो. डावीकडून पहिला, तिसरा, पाचवा असे एकाआड एक अंक जसेच्या तसे घ्या. मधल्यांची तिप्पट करा. सर्वांची बेरीज करा. ती दहाने भागली गेली पाहिजे. नमुन्यादाखल ९७८१२३४५६७८९ या बारा अंकांची अशी बेरीज १३३ येते. म्हणून तेरावा अंक ७ ठेवावा लागतो, म्हणजे १४० होतात.

आता वर्गाला विचारावे : क्रमांक उतरून घेताना कोणताही एक अंक चुकला तर ते प्रत्येक वेळी उमगेल का? एका अंकाच्या चुकीने बेरजेत पडणारा फरक १ ते ९ पैकी एखादी संख्या असेल, किंवा तिची तिप्पट असेल. तिपटी म्हणजे ३, ६, ९, १२, १५, १८, २१, २४ आणि २७. यांपैकी एकही दहाने भागली जात नाही. म्हणून चूक प्रत्येक वेळी पकडली जाईल. ही चार ओळींची सिद्धता जगातील सर्व ग्रंथक्रमांकांविषयी बोलते, आणि ती शाळेतील मुलालाही समजते.

आणि शेजारचे दोन अंक उलटसुलट लिहिले गेले तर? तेव्हा बेरजेत पडणारा फरक त्या अंकांच्या वजाबाकीच्या दुप्पट असतो. अंकांत पाचाचे अंतर असेल, जसे २ आणि ७, तर फरक दहा होतो आणि पहारेकरी झोपी जातो. हे प्रत्युदाहरण विद्यार्थ्याने स्वतः शोधले तर त्याचा आनंद काही और असतो. यावर तोड आहे. डच गणितज्ञ याकोबस व्हरहूफ यांनी १९६९ मध्ये पंचकोनाच्या सममितींवर आधारलेली एक रीत दिली. ती एका अंकाची प्रत्येक चूक आणि शेजारच्या दोन अंकांची प्रत्येक अदलाबदल पकडते. आपल्या आधार क्रमांकाचा बारावा अंक याच रीतीने ठरविलेला असतो. ‘या गणिताचा उपयोग काय’ असे विचारणारा विद्यार्थी त्याचे उत्तर खिशात घेऊन फिरत असतो.

शिक्षकाचे काम

या सर्वांवरून अध्यापनाची दिशा ध्यानात येईल. विषयाचे विस्तृत प्रदेश एका सत्रात पालथे घालण्यापेक्षा थोड्या गोष्टी हाताने करवून घेणे अधिक हिताचे. चिन्हांच्या आधी वाक्ये यावीत आणि वाक्यांच्या आधी प्रसंग. विद्यार्थ्याने सिद्धता पूर्ण वाक्यांत लिहावी व शेजाऱ्याने ती विरोधी वकिलाच्या नजरेने वाचावी. परीक्षेतही ‘सूत्र वापरून उत्तर काढा’ या प्रश्नांबरोबर ‘पुढील युक्तिवादातील दोष दाखवा’ असे प्रश्न असावेत. कारण परीक्षेत जे विचारले जाते तेच वर्गात शिकले जाते, हे आपल्या देशातील कोणत्याही शिक्षकास सांगावयास नको. याला वेळ लागतो, वह्या तपासण्याचे श्रम वाढतात, आणि मोठ्या वर्गात ते जड जाते, हे मान्य केले पाहिजे. परंतु ते श्रम टाळले तर त्यांची किंमत आज्ञावलीकाराला सहसा मोजावी लागत नाही. ती मोजतो तो भलताच मनुष्य. रेल्वेचे आरक्षण, बँकेतील खाते, रुग्णालयातील औषधाची मात्रा हे सारे आता आज्ञावल्यांच्या स्वाधीन आहे. ज्या एका परिस्थितीचा विचार आज्ञावलीकाराने केला नाही, त्या परिस्थितीत कोणीतरी खिडकीपुढे उभा असतो. ‘प्रत्येक’ या शब्दात तोही मोडतो.

शाळांतील व वाचनालयांतील वाचकांनी हे सर्व महाविद्यालयात जाईपर्यंत लांबणीवर टाकण्याचे कारण नाही. आज वाचनालयातून जे पुस्तक न्याल त्याच्या पाठीवरील तेरा अंक मांडून पाहा, आणि शेजारी-शेजारी असे दोन अंक त्यात आहेत का, की ज्यांची अदलाबदल झाली तरी पहारेकऱ्याला पत्ता लागणार नाही, ते शोधा.